जुन्या सरकारी वसाहतीची पुनर्बांधणी : तुमचे अनुभव

फोंडेकरीण:
काल बाजाराजवळच्या एका जुन्या इमारतीला परांची बांधलेली दिसली आणि आमची वसाहत पाडल्याचे दिवस आठवले. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात आमच्या इमारतीवर सपाट स्लॅब होता, त्यामुळे आषाढात गळतीखाली पातेली मांडण्याचे काम माझ्याकडे असे. नव्या इमारतीचा आराखडा घेऊन आलेले वास्तुविशारद खोल्यांचे चौरस मीटर सांगत असताना आईने मध्येच विचारले, की चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळी कुठे बांधायची? (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट.) नकाशात छताला एकही कडी नव्हती. नारळांच्या आणि सुपारीच्या घडांचे वजन पेलायचे, तर स्लॅब ओतण्यापूर्वीच सळयांना कड्या अडकवाव्या लागतात, हे आईने त्यांना गळी उतरवले. तुमच्याकडे काय घडले?

वास्कोचा शेजारी:
आमच्याकडे सज्जाला तीनदा गिलावा झाला आणि तिन्ही वेळा पोपडे पडले. खाऱ्या हवेने गंजलेली सळई फुगते व काँक्रीट आतून फोडते. वरून कितीही सिमेंट थापले, तरी ते टिकत नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले. इमारत पाडायलाच हवी होती.

मुंबईचा भाचा:
माझे मामा वरळीच्या बीडीडी चाळीत राहत. तिथे 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर मिळते, हे ऐकून गोव्यातले नातेवाईक हेवा करतात. मामींना मात्र चाळीच्या लांब गॅलरीची चुटपुट लागलेली आहे.

म्हापशाची सून:
गॅलरीवरून आठवले. आम्ही तळमजल्यावरून सहाव्या मजल्यावर गेलो आणि पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकून खाली पोहोचेपर्यंत तो पुढच्या वाड्यावर गेलेला असे. शेवटी सासूबाईंनी दोरीला टोपली बांधली. पहिल्याच दिवशी उंडे (गोल पाव) चौथ्या मजल्यावरच्या काकांनी काढून घेतले, आणि वर पैसेही ठेवले नाहीत!

नवा सभासद:
फोंडेकरीणताई, आमचा स्लॅब पुढच्या महिन्यात ओतायचा आहे. कड्या किती ठेवाव्यात?

फोंडेकरीण:
चार पुरतात, परंतु घरची माटोळीची चौकट आधी मोजून घ्यावी. आमच्या कड्या वीतभर लांब पडल्या, आणि सुताराने चौकट नवी करून दिली, तेव्हा चवथीला दोनच दिवस उरले होते.