इफिसच्या चांदीवाल्यांचा दंगा: पोटासाठी की देवीसाठी?

प्रश्न (सराफ कट्टा, सांगली): आमचं काम देवाच्या टाकांचं. चांदीचा पातळ पत्रा ठशावर धरून ठोकायचा, खंडोबाच्या घोड्याचे पाय नीट उठेपर्यंत. मिरजेच्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकानं परवा देमेत्रियाची गोष्ट सांगितली. आजच्या तुर्कस्तानातल्या इफिस शहरात तो अर्तमी देवीची चांदीची देवळं करवून विकायचा. हातानं घडवलेले ते देव नव्हेत, असं ख्रिस्ताचा प्रचारक पौल सांगत फिरला आणि कारागीर खवळले. मला तर पोटाचाच प्रश्न दिसतो. धंदेवाल्याला धंदेवाला ओळखतो!

उत्तर (मिरज): बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय १९ वाचा. देमेत्रिय आधी कमाईचं बोलतो, मग देवीच्या अब्रूचं. जमावानं पौलाच्या दोन सोबत्यांना नाट्यगृहात ओढत नेलं आणि 'इफिसकरांची अर्तमी थोर' असं दोन तास ओरडत राहिला. बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच ठाऊक नव्हतं (आपल्याकडचे मोर्चे आठवा). शेवटी नगराच्या चिटणिसानं सुनावलं, तक्रार असेल तर कोर्टं उघडी आहेत.

उत्तर (कराड): भक्ती एवढी स्वस्त करू नका. इ. स. १०४ मध्ये सालुटारिस नावाच्या धनिकानं देवीच्या सोन्याचांदीच्या मूर्ती दिल्या, देवळातून नाट्यगृहात मिरवत न्यायला. तसा शिलालेखच आहे.

प्रश्नकर्ता: म्हणजे देमेत्रियाच्या नातवंडांनाही ऑर्डरी होत्या तर.

उत्तर (मिरज): सगळीकडे तसं नव्हतं हो. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी रोमचा सम्राट ट्रेजनला कळवतो की ख्रिस्ती पंथ पसरल्यानं देवळं ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना; आता कुठं पुन्हा खपायला लागलंय.