थंडीत फुलझाडं घरात घेता का? अनुभव सांगा

काल रात्री जास्वंदीची कुंडी आत घेताना आई आठवली. २०१८ चा डिसेंबर, नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता ती थंडी. भाव नव्हता म्हणून आमच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला. त्या खोलीत ऊब राहते म्हणून आईने कुंडी तिथं ठेवली. आठ दिवसांत पानं पिवळी पडून गळाली. अंधारात नेलं की जास्वंद पानं टाकतेच, पण आईला वाटलं, 'तहानली असन बिचारी', अन् रोज गडवाभर पाणी. मी झाड उपसलं तर मुळांना आंबूस वास, चिमटीत धरली की साल निसटून हातात. आईला सांगितलं नाही. आता दोन पेरं बोट मातीत घालतो, कोरडं लागलं तरच पाणी. तुम्ही कसं करता?

सांदवाडी
दादा, डोळ्यात पाणी आलं. आमचीही कुंडी कापसाच्याच खोलीत होती. फांदीला रुई चिकटली वाटलं, झटकायला गेले तर बोटं चिकट! पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडावरची पांढरी कीड. कपाशी, जास्वंद, भेंडी, अंबाडी सगळं एकाच कुळातलं, एकीवरचा दुसरीवर जातो. साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पानांची खालची बाजू पुसा, मग निंबोळी तेल.

चुलीवरची भाकर
अंबाडी म्हटलं अन् कण्या घातलेली भाजी आठवली. लाल देठाचं बी आहे का कोणाजवळ?

गोंदियाकडचा
मोगरा आत घेऊ नका जी. त्याला थंडीत आराम लागते. मी डिसेंबरात पाणी तोडतो, जानेवारी सरता सरता छाटतो. उन्हाळ्यात ओंजळी भरतात.

सांदवाडी
@चुलीवरची भाकर, बी आहे ताई. संक्रांतीला माहेरी येणार असाल तर नेजा.

पांढरी माती
माझं अडेनियम, ते जाड खोडाचं फुलझाड, गेलं मागच्या हिवाळ्यात. पानं गळली म्हणून घाबरून पाणी दिलं. खोड दाबलं तर पिकल्या सीताफळावानी बोट आत. ते झोपलं होतं हो फक्त. अजून जीव हळहळतो.

चुलीवरची भाकर
येते ताई, पक्कं! दुपारी उन्हात काढता का कोणी कुंड्या? मी ओसरीत ठेवते, संध्याकाळी आत.

धागाकर्ता
सांदवाडीताई, आत्ताच पानं उलटून पाहिली. दोन पानांखाली पांढरं आहे. फडकं भिजवून बसलो आहे.