गेम डेव्हलपमेंटच्या पदवी अभ्यासक्रमात इंजिनाचे नाव लिहावे का?

विभाग समन्वयक:
नमस्कार. आमचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०२२ मध्ये सुरू झाला आणि अभ्यास मंडळाने मंजूर केलेल्या मसुद्यात पहिल्या सत्रापासून ‘युनिटी’ या गेम इंजिनाचेच (खेळ बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरचेच) नाव आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने खेळ तयार करणाऱ्यांसाठी, ठरावीक मर्यादेपुढे खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले, तेव्हा मुले धास्तावून माझ्याकडे आली. वर्षभराने ते शुल्क रद्द झाले, तरी माझी काळजी मिटलेली नाही. फेररचनेत त्याऐवजी गोडो हे दुसरे इंजिन घ्यावे का? शिवाय पाच जणांच्या गटप्रकल्पात सर्वांना सारखेच गुण देणे मला अन्यायाचे वाटते.

माजी विभागप्रमुख:
इंजिनाचे नाव अभ्यासक्रमात नकोच. तिथे गेम लूप (खेळ क्षणोक्षणी पुढे नेणारे चक्र), टक्कर ओळखणे, स्टेट मशीन (पात्राच्या अवस्था आणि त्यांतले बदल) अशा संकल्पना लिहाव्यात आणि साधनाचे नाव प्रात्यक्षिक पुस्तिकेत ठेवावे, म्हणजे ते बदलण्यासाठी दरवेळी मंडळाकडे जावे लागणार नाही. गोडो ‘एमआयटी’ या मुक्त परवान्याखाली मोफत मिळते आणि आकाराने लहान आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर द्विमितीय खेळांसाठी ते सोयीचे पडते. आम्ही मात्र पहिले सहा आठवडे संगणक सुरूच करत नसू. पुठ्ठ्याचा पट, शर्टाची बटणे आणि एक फासा एवढ्यावर खेळ रचायला सांगत असू, कारण नियम कुठे फसतो हे समोरच्याचा हात सोंगटीवर थबकला की लगेच कळते.

स्टुडिओतील प्रोग्रामर (अतिथी व्याख्याता):
गुणांविषयी लिहितो. गिटमधल्या (फाइलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीतल्या) नोंदी मोजून गुण देऊ नका. आमच्या एका गटात प्रोग्रामरच्या चाळीस नोंदी होत्या आणि ॲनिमेशन करणाऱ्या मुलीच्या तीनच. पण चालताना पात्राचा पाय जमिनीवरून घसरत होता, तो दोष तिने बारा चित्रे पुन्हा काढून घालवला होता. म्हणून निम्मे गुण साप्ताहिक कामवहीला आणि वैयक्तिक तोंडी परीक्षेला असावेत. तोंडी परीक्षेत मी एकच गोष्ट करायला लावतो: सहकाऱ्याच्या कामातला एक दोष दाखवा आणि तो का राहिला ते सांगा. ज्याने खरोखर काम केले आहे तो याचे उत्तर बरोबर देतो.

विभाग समन्वयक:
मनापासून आभार. संकल्पना आणि साधने वेगळी करण्याचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडते. सर, त्या सहा आठवड्यांचे मूल्यमापन तुम्ही कसे करत होता, तेही सवडीने लिहाल का?