मदत हवी आहे: केशरी नर, तपकिरी मादी, पिल्लं सगळी तपकिरी. केशरी रंग परत कसा आणायचा?

काचपेटी

कॅम्बरेलस पॅत्स्कुआरेन्सिस, म्हणजे बुटक्या क्रेफिशची (गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या प्राण्याची) एक जात. नर केशरी, मादी मूळ तपकिरी रंगाची. ४० लिटर टँक, २४ अंश, पीएच ७.५, जीएच (पाण्याचा कठीणपणा) १०, स्पंज फिल्टर. मादी आणली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती. नरासोबत सोडल्यावर १२ दिवसांनी शेपटीखाली अंडी दिसली. पुढे पिल्लं सुटी झाली, त्यातली ३१ जगली. आज ती ७ आठवड्यांची, साधारण दीड सेंटिमीटर. केशरी एकही नाही, चारांवर निळसर झाक आहे.

१. याच पिल्लांत भाऊ-बहिणीची जोडी लावली तर केशरी मिळतील का?
२. निळसर चार वेगळी काढून निळी लाइन (पिढ्यान्पिढ्या निळाच रंग देणारा वंश) करता येईल?
३. शुफेल्ड्टी या दुसऱ्या बुटक्या क्रेफिश जातीचा नर मिळतोय. त्याच्याशी संकर करून पाहावा का?

शेवाळ

आधी एक काम आजच करा: पिल्लांचे नर-मादी वेगळे करा. बुटके क्रेफिश दोन-तीन महिन्यांत वयात येतात, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. पिल्लू पाण्यासकट छोट्या पारदर्शक डबीत घ्या आणि खालून भिंगाने पोट बघा. नराच्या पोटाखालच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या कडक काड्यांसारख्या होऊन पुढे, चालायच्या पायांच्या मध्ये चिकटून पडलेल्या दिसतात. मादीत त्या काड्या नसतात, शेवटच्या पायांच्या मध्ये बारीक लंबगोल उंचवटा असतो. शंका आली तर तिसऱ्या डब्यात ठेवा, पुढची कात टाकल्यावर पुन्हा बघा.

तो उंचवटा म्हणजे शुक्राणू साठवायची पिशवी, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. मादी वाढलेली आली, म्हणजे आधीच्या टँकमधल्या तपकिरी नराचे शुक्राणू घेऊन आलेली असू शकते. मग ३१ तपकिरी पिल्लांचे दोन अर्थ निघतात. एक, केशरी अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून जनुक आला तरच दिसतो, आणि सगळी पिल्लं तो जनुक लपवून आहेत. दोन, केशरी नर बापच नाही. दुसरं खरं असेल तर भाऊ-बहिणीच्या कितीही पिढ्या काढा, बहुधा केशरी दिसणार नाही.

म्हणून भाऊ-बहिणीची जोडी नको. वेगळ्या ठेवलेल्या तीन मुली मोठ्या झाल्या की केशरी नराकडेच द्या, पण एका वेळी एक आणि प्रत्येकीचा डबा वेगळा, कारण तिघींचा बाप एकच असेल असं नाही. मुलीत जनुक लपलेला असेल तर निम्मी पिल्लं केशरी यायला हवीत. ८ पिल्लांत एकही केशरी न येण्याची शक्यता २५६ मध्ये १, म्हणजे निकाल लवकर कळतो. भाऊ-बहिणीत, दोघांकडे जनुक असला तरी, चौथाईच केशरी येतात. तिथे १० पिल्लांत एकही न येण्याची शक्यता ५.६ टक्के उरते, शिवाय केशरी आले नाहीत तर दोघांपैकी कोणाकडे जनुक नव्हता हेही कळत नाही.

काचपेटी

धन्यवाद. मुली वेगळ्या करायला घेतल्या. उलट केलं तर? मुलगा आणि बाहेरून आणलेली केशरी मादी?

शेवाळ

वाढलेली केशरी मादी आणलीत तर चूक उलट्या बाजूने होईल. ती आधीच केशरी नराकडून भरलेली असली की केशरी पिल्लं येतील आणि मुलाकडे जनुक आहे असं वाटेल. नर कोणताही चालतो, मादी मात्र लहानपणापासून वेगळी वाढवलेलीच हवी. हा नियम मोडला की मोजणीला अर्थ राहत नाही.

खडीवाळू

निळसर चारांबद्दल. क्रेफिशच्या कवचातला मुख्य रंग अस्टाझॅन्थिन. हा कॅरोटिनॉइड (केशरी-पिवळ्या रंगद्रव्यांचा एक गट) सुटा असला की केशरी-लाल दिसतो, प्रथिनाला बांधलेला असला की निळा-तपकिरी. क्रेफिश कॅरोटिनॉइड मुळापासून तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच मिळतात. त्यामुळे खाणं, खडीचा रंग आणि नुकतीच टाकलेली कात यांनी छटा हलते. त्या चौघांना बाकीच्यांसारखंच खाणं आणि गडद खडी द्या, दोन काती जाऊ द्या. मग पांढऱ्या चमच्यात, एकाच दिव्याखाली फोटो काढा. झाक टिकली तर त्यांची आपापसात जोडी लावा. सलग दोन पिढ्या निळं आलं तरच लाइन म्हणा.

मोजणीतली आणखी एक चूक: पिल्लं एकमेकांना खातात, विशेषतः कात टाकल्यावर कवच मऊ असताना. ३० मधली १२ उरली आणि त्यात ३ केशरी, यावरून प्रमाण काढू नका. अंडी धरलेली मादी १५ लिटरच्या टँकमध्ये एकटी ठेवा, जावा मॉस भरपूर, बोटभर लांबीच्या नळ्यांचे तुकडे आणि कुजत घातलेली सुकी पानं. पिल्लं सुटी झाली की मादी काढून घ्या. एकदा ४ आठवड्यांना मोजा, एकदा ८ ला. सुरुवातीच्या कातींपर्यंत रंग फिका असतो, घाईने तपकिरी ठरवू नका. तांबं असलेलं औषध त्या पाण्यात अजिबात नको.

तिसऱ्या प्रश्नाला स्पष्ट नाही. शुफेल्ड्टी वेगळी जात आहे. पिल्लं आलीच तर पुढे ती कोणाकडे गेली, कोणत्या नावाने गेली, हे तुमच्या हातात राहत नाही, आणि छोट्या आकारात दोन जाती ओळखताना अनुभवी माणूसही नराच्या त्या काड्यांचं टोक भिंगाखाली बघतो. शुफेल्ड्टी हवाच असेल तर वेगळ्या टँकमध्ये, स्वतःच्या जाळीसकट.

काचपेटी

१४ मुली, १३ मुलगे, ४ शंकास्पद. शंकावाले तिसऱ्या डब्यात. पहिली मुलगी तीन आठवड्यांनी केशरी नराकडे सोडेन, ८ पिल्लं झाली की आकडा इथेच टाकतो.