हेलडायव्हर्स २ : त्याच त्या किड्यांना किती दिवस मारणार?

रातकिडा :
शनिवारी रात्री साडेअकराला आम्ही चौघं हेलडायव्हर्स २ हा व्हिडिओ गेम ऑनलाइन खेळायला बसतो. एक पुण्यात, एक कोल्हापुरात, मी ठाण्यात आणि एक डब्लिनला, ज्याचं दर वेळी जेवण व्हायचं असतं. परवा बायकोने विचारलं, त्याच त्या किड्यांना गोळ्या घालून कंटाळा नाही येत? धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं, सगळी गंमत कॅमेऱ्यात आहे. २०१५ चा पहिला भाग वरून दिसायचा, कॅरमबोर्डाकडे बघावं तसा. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसरा आला, तेव्हा तो बनवणाऱ्या स्टॉकहोमच्या ॲरोहेड स्टुडिओने कॅमेरा खाली आणून सैनिकाच्या पाठीशी लावला. आता स्वतःची केप फडफडताना दिसते आणि स्वतःची फजितीही. डोळ्यांतून दिसणाऱ्या नेमबाजीत मेलं की पडदा लाल होतो, विषय संपला. इथे आपला गडी हातपाय पसरून उडतो, दगडावर आपटतो आणि बाकीचे तिघं पोट धरून हसतात.

त्यात मित्राची गोळी मित्राला लागते, ते बंद करायची सोयच नाही. मदत हवी तर किडे अंगावर आलेले असताना बाणांच्या कळा ओळीने दाबायच्या. दारूगोळ्याला खाली-खाली-वर-उजवीकडे. मेलेल्याच्या जागी नवा गडी हवा तर वर-खाली-उजवीकडे-डावीकडे-वर. परवा मी दारूगोळा मागवला आणि आकाशातून आलेली पेटी थेट कोल्हापूरकराच्या टाळक्यात. इतके हसलो की मोहीम हरलो.

आडवा_फाटा :
हसा हो, पण कशावर हसताय ते बघा. खेळात आपण ज्या सुपर अर्थसाठी, म्हणजे भविष्यातल्या पृथ्वीसाठी, लढतो तिथे 'नियंत्रित लोकशाही' आहे. मूल हवं तर सी-०१ नावाचा परवाना काढावा लागतो. किड्यांना मारायचं स्वातंत्र्यासाठी आणि त्यांच्या मढ्यांतून काढायचं ई-७१० हे इंधन. इंग्रजी आकड्यांत ७१० लिहून कागद उलटा धरा, 'ऑइल' वाचता येतं. चावटपणा झकास आहे. पण पाचव्या मोहिमेला तो कोणाच्या लक्षात राहतो? सगळे लोकशाहीच्या नावाने ओरडत बॉम्ब टाकत सुटतात. तेरा वर्षांच्या भाच्याला विचारलं, किडे वाईट का रे? म्हणाला, "किडे आहेत म्हणून."

रातकिडा :
तेरा वर्षांच्या पोराला दिला कोणी? मोठ्यांचा खेळ आहे तो.

आडवा_फाटा :
भावजींनी. त्यांच्यावर वेगळा धागा काढेन.

मीठभाकर :
फाटासाहेब, सगळेच विसरत नाहीत. २०२४ मध्ये खेळात एक मुख्य आदेश, म्हणजे सगळ्या खेळाडूंनी मिळून करायची कामगिरी, आला होता, दोनपैकी एक ग्रह सोडवा. एकीकडे रणगाडाविरोधी सुरुंग मिळणार, दुसरीकडे आजारी मुलांचं हॉस्पिटल वाचणार. लोकांनी मुलं निवडली. मुलं तरी कुठली, नकाशावरचं नुसतं नाव! मीही दोन रात्री जागले. सकाळी ऑफिसात डोळे चोळत बसले होते आणि कोणाला कारण सांगायची सोय नव्हती. नंतर स्टुडिओने 'सेव्ह द चिल्ड्रन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला खरीखुरी देणगी दिली.

आडवा_फाटा :
सुरुंग कोणाला हवे होते? त्यांच्यावर शत्रूपेक्षा आपलेच जास्त मरतात.

मीठभाकर :
हं. हे मात्र खरं.

जुनाट_जॉयस्टिक :
विडंबन राहू द्या, मुळात कथा कुठे आहे? मास इफेक्ट २ (२०१०) या गेममध्येही कॅमेरा पाठीमागेच होता. शेवटच्या मोहिमेत मी टाली या माझ्या साथीदारणीला बोगद्यात धाडलं आणि दुसऱ्या तुकडीचा नायक चुकीचा निवडला. ती गेली ती गेलीच. मी जुनं सेव्ह उघडून सगळं परत खेळलो, तरी ते मनातून जाईना. इथे चौघांत मिळून वीस जणांचा साठा असतो, मेला की पुढचा. अशा मरणाचं कोणाला काय वाटणार?

रातकिडा :
काही वाटत नाही, तोच तर डंख आहे! मेलेला परत येत नाही, त्याच्या जागी दुसराच कोणी येतो. आवाज बदलता ठेवलात तर मगाशी बाई ओरडत होती आणि आता कोणी खर्जात बोलतोय. आणि कथा नाही कशी? मॅलेव्हेलॉन क्रीक हा ग्रह विसरलात? जंगल, अंधार, झाडांमागून रोबोंचे लाल डोळे. ग्रह हातचा गेला तरी लोक हट्टाने तिथेच मरायला जात होते. एप्रिल २०२४ मध्ये तो परत जिंकला, तेव्हा स्टुडिओने सगळ्यांना आठवण म्हणून केप दिली. आधी लोकांनी हट्ट केला, गोष्ट मागाहून तयार झाली.

जुनाट_जॉयस्टिक :
केप छान आहे. टाली ती टालीच.

आडवा_फाटा :
विडंबन एकदा खरंच लागू पडलं, तेवढं मान्य करतो. मे २०२४ मध्ये खेळाच्या प्रकाशक सोनीने पीसीवाल्यांनाही पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खातं जोडणं सक्तीचं केलं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर वाईट शेऱ्यांचा खच पडला आणि तीन दिवसांत माघार. ती लढाईही लोक मुख्य आदेशाच्याच भाषेत लढत होते. कंपनीला 'नाही' म्हणता आलं. सुपर अर्थला 'नाही' म्हणायची कळ मात्र खेळात कुठेच नाही. ती द्या, मग शनिवारी मीही येतो.

रातकिडा :
जागा चारच असतात. डब्लिनचं जेवण लांबलं की ये.

रंकाळा_रॉकेट :
त्यो कोल्हापूरकर मीच. पेटीबिटी काय न्हवती, पाचशे किलोचा बॉम्ब हुता. दारूगोळा सुरू हुतोय खाली-खालीनं आन् बॉम्ब वर-उजवीकडंनं. चुकून दाबला म्हणायला पण जागा न्हाई भावा.