किती पगारांचा पडला? घरातली पहिली महागडी वस्तू

मृद्गंधा
भाच्याने परवा रात्री जेवता जेवता फोनवरून टीव्ही मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं येऊन भिंतीवर लावूनही गेली. आमचे बाबा (वय ८३) खुर्चीत बसून सगळं बघत होते. शेवटी एकच विचारलं, "किती पगारांचा पडला रे?" त्याला प्रश्नच कळला नाही. मला कळला, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

बाबा सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्याकडे फ्रिज आला १९७८ च्या उन्हाळ्यात. १६५ लिटरचा, फिकट निळा. किंमत तीन हजारांच्या आसपास आणि बाबांचा पगार पाचशेच्या आत. सोसायटीचं कर्ज काढलं, त्याला दोन जामीनदार, तरी पैसे कमी पडले म्हणून आईची भिशी लागेपर्यंत थांबलो. हप्ता पगारातूनच कापला जायचा. कर्ज फिटेपर्यंत दिवाळीला आम्हा भावंडांचे कपडे एकाच ताग्यातले. फ्रिज म्हणजे चैनीची वस्तू म्हणून त्यावर जबर अबकारी कर असायचा, हे बाबा आजही तावातावाने सांगतात.

ठेवला होता बाहेरच्या खोलीत, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. पण तो आमच्या एकट्यांचा कधीच नव्हता. समोरच्या काकूंचं इन्सुलिन दाराच्या कप्प्यात, नावाची चिठ्ठी लावलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत. रोज सकाळी काकू यायच्या, ती इवलीशी कुपी दोन्ही तळव्यांत धरून थंडपणा जाईपर्यंत आईशी बोलत उभ्या राहायच्या, मग घरी जाऊन टोचून घ्यायच्या. रमजानमध्ये बर्फाचे दोन्ही ट्रे मागच्या गल्लीतल्या चाचींसाठी राखीव. त्या महिन्यात आमचं सरबत माठातल्या पाण्याचं.

तुमच्या घरी अशी पहिली वस्तू कोणती? किती पगारांची? पैसे कुठून उभे केले? सगळं लिहा.

चाळकरी
गिरगाव. टीव्ही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही यायला पुढची तीनेक वर्षं गेली. तोही आमचा नव्हे, कोपऱ्यातल्या खोलीतल्या मामांचा. गिरणीतून निवृत्त झाले, हातात आलेल्या पैशातून मुलीच्या लग्नाचे बाजूला काढले आणि उरलेल्याचा टीव्ही घेतला. लाकडी कपाटातला, सरकत्या दाराचा, कुलूप लागायचं त्याला.

रविवारी सिनेमा असला की मामी चार वाजताच स्टोव्ह विझवून भांडी पलंगाखाली सारायच्या. पोरं पुढे, बायका मागे, बाप्ये गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून. चपला रांगेत लावायची ड्युटी माझी. टीव्हीचं लायसन्स वर्षाला ५० रुपये, पोस्टात भरायचं. मामा नको नको म्हणत असताना मजल्यावरच्यांनी वर्गणी काढून भरलं. मामांचा चेहरा अजून आठवतो.

जाई_जुई
रेडिओचं पण लायसन्स असायचं की! छोटं पुस्तक, त्यात तिकिटं चिकटवून पोस्टाचा शिक्का. कुकर लावलाय, नंतर येते सविस्तर.

सह्यकडा
पगारात नको, सोन्यात मोजून बघा. १९८५ ला तोळा दोन हजारांच्या जरा वर होता. आमचा रंगीत टीव्ही साडेआठ हजारांचा. म्हणजे चार तोळे! आज चार तोळ्यांत अख्ख्या सोसायटीला टीव्ही येतील.

कृष्णाकाठ
सोन्याचं नको काढू दादा, पोटात कालवतंय. माझ्या आईनं मिक्सरपायी बोटातलं वळं मोडलं होतं.

आम्ही इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर. आईचं मनगट दुखायचं, पाटा-वरवंटा होईना. शेजारी सुमीत कंपनीचा मिक्सर आला होता, त्यावर हळद नि सुक्या मिरच्या दळलेल्या तिनं स्वतः बघितल्या. वडील म्हणाले पुढच्या बोनसला बघू. बोनस आला, पण धाकटा टायफॉइडनं आजारी पडला आणि बोनस त्यातच गेला. मग आईनं कुणाला न विचारता अर्ध्या तोळ्याचं वळं सराफाकडं नेलं. १९८२ चं साल. घरी ह्ये रामायण! आजी दोन दिवस बोलली नाही, वडील न जेवता रात्रपाळीला गेले.

आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून इडलीचं पीठ वाटून विकायला लागली. पहाटे चारला मिक्सर सुरू. मोटर तापली की थांबायची, ओल्या फडक्यानं बाहेरून पुसायची, तेवढ्यात दुसऱ्या घाण्याची डाळ उपसायची. पेठेतल्या दोन खानावळी लागल्या. वर्षाच्या आत नवं वळं केलं, आधीच्यापेक्षा जड. आजीला पहिल्यांदा दाखवलं. आजी म्हणाली, "आता माझी शेंगदाण्याची चटणी पण लाव त्यात." आमची दोघा भावांची शिकणी त्या पिठावर झाली. आई गेल्या साली गेली. मिक्सर आहे.

मृद्गंधा
कृष्णाकाठ, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. आईंना नमस्कार.

चाळकरी
काय बाई होती! नमस्कार.

आजीची_नात
आमच्याकडे पैशापेक्षा नंबर महाग होता. गॅसला नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट. खासदारांच्या कोट्यातून मिळायचा म्हणून काका नाशिकहून चिठ्ठी घेऊन कुठे कुठे फिरले. तोवर रॉकेलची रांग, स्टोव्हची पिन, वाती. गॅस आला त्या दिवशी आजीने शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्यांदा दूध उतू घालवलं. मग मात्र महिनाभर भाकरी चुलीवरच, कारण "सिलिंडर पुरवायचा". अंघोळीचं पाणी बंबातच तापायचं.

रानवारा
वाशीम जिल्ह्यातलं गाव आमचं. कोणाच्या घरी घ्यायची ऐपतच नव्हती, म्हणून सारं भाड्यानं. गणपतीत तालुक्यावरून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी आणत. बैलगाडीत खाली कडबा, वर गाद्या, त्यावर टीव्ही, आणि दोघं जण धरून बसलेले. एका रात्रीत तीन सिनेमे, उजाडेपर्यंत. माणशी दोन रुपये. ज्याच्याजवळ नव्हते त्यानं ज्वारी दिली, ते पण लय मानानं घेतली. लाईन गेली तर सारं गाव शांत बसून राहायचं, एक जण उठत नव्हता.

जाई_जुई
आले. मृद्गंधा, फ्रिज आल्यावर तुमच्याकडे आईस्क्रीम करायचे का? आमच्याकडे जीएमएस-सीएमसी पावडर (आईस्क्रीम दाट नि मऊ करणारी) आणून व्हायचं. रात्री अर्धवट जमलेलं काढून परत घोटायचं, बाबा सोडून कोणाला परवानगी नाही.

मृद्गंधा
हो तर! आईची वही आहे. अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्यातलं थोडं गार बाजूला काढून पावडरी कालवायच्या. प्रमाण बघून सांगते.

परदेशी_पाखरू
फोनचं कोणी लिहिलं नाही अजून? मी १९९१ ला न्यू जर्सीत आले. भारतात फोन मिनिटाला दोन डॉलरच्या आसपास. नवऱ्याची विद्यावृत्ती, त्यातून महिन्याला दहा मिनिटं परवडायची. मी कागदावर मुद्दे लिहून बसायचे. बाबांचा रक्तदाब, ताईची परीक्षा, घराचं भाडं. आमच्या घरी साताऱ्याला फोन नव्हता, वाण्याच्या दुकानातला पीपी नंबर, म्हणजे निरोप देऊन बोलावून घ्यायचं. ठरलेल्या रविवारी आई अर्धा तास आधी जाऊन पोत्यावर बसायची. आणि फोन लागला की पहिली दोन मिनिटं तिला बोलताच यायचं नाही. मी "आई बोल ना, पैसे पडतायत" म्हणायचे. आज लेकीशी दिवसातून चारदा व्हिडिओ कॉल होतो, काहीही कामाचं बोलत नाही आम्ही, ती भाजी चिरते, मी कपड्यांच्या घड्या घालते.

सह्यकडा
भारतातल्या भारतात पण तेच. रात्री अकरानंतर एसटीडी, म्हणजे परगावचा फोन, पाव दरात, म्हणून पिवळ्या बूथवर अकराला रांग. आत लाल आकडे पळत असायचे, नजर तिकडेच. मोबाईल ३१ जुलै १९९५ ला आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि येणाऱ्या फोनलाही पैसे! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा मामाने पेढे वाटले होते.

चाळकरी
इंटरनेट विसरू नका. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सुरू केलं. आमच्या मजल्यावर कॉम्प्युटर १९९८ ला आला, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून घेतलेला, तरी चाळीस हजारांच्या वर गेला. तासांचं पॅकेज वेगळं, फोनचं बिल वेगळं. मोडेम गाऊ लागला की घरचा फोन बंद. बारावीचा निकाल बघायला सगळ्या मजल्यावरची पोरं त्या एका खोलीत.

आजीची_नात
परदेशी_पाखरू, "पैसे पडतायत" हे वाक्य आमच्या घरातही होतं. मावशी मस्कतला होती. मिठी तुम्हाला.

रानवारा
कृष्णाकाठ भाऊ, तो मिक्सर चालू आहे का अजून? आमच्या मायचा तसाच आहे, भांड्याचं पातं गेलं.

कृष्णाकाठ
चालू आहे, आठवड्याला चटणी होते. पात्याचा काय प्रश्न नाही. भांडं घेऊनच जा दुकानात, खालची रबरी कपलिंग बघून जुळतं पातं देतात. वॉशर पण बदलून घ्या त्याच वेळी, नाहीतर पाणी झिरपून मोटरीत जातंय.

मृद्गंधा
जाई_जुई, वही सापडली. अर्ध्या लिटर दुधाला जीएमएस दोन चमचे, सीएमसी पाव चमचा, साखर आठ चमचे, कॉर्नफ्लॉवर दोन. उकळून गार, मग जमवायचं, मग साय घालून घोटायचं. चमचा लहान की मोठा ते आईने लिहिलेलं नाही, आधी थोडं करून बघा.