काहीच सुचत नाही, यावर अख्खा अल्बम?

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगीतकार पोर्टर रॉबिन्सनचा 'नर्चर' आठवडाभर कानात आहे. त्याचा आधीचा अल्बम 'वर्ल्ड्स' २०१४ चा, हा एप्रिल २०२१ चा. मधली सात वर्षं माणूस कोरडा पडला, नैराश्यात गेला आणि शेवटी त्या कोरडेपणावरच १४ ट्रॅकचा अल्बम केला. मी कंपनीतून येऊन रात्री लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो. दोन वर्षांत एकही पुरा नाही, फोल्डरमध्ये नुसते 'फायनल', 'फायनल २'. त्यामुळे मला तो आपला वाटला. आणि तो आवाज! स्वतःच गायलाय, पण पट्टी चढवून इतका पातळ केलाय की बाई गातेय वाटतं. लाजाळू माणूस पडद्याआडून बोलतो तसा.

टिपरू:
राग मानू नका, पण हे भरल्या पोटाचं दुखणं आहे. आमच्या ढोल पथकात 'आज सुचत नाही' म्हणून कुणी टिपरू खाली ठेवत नाही. आणि सात वर्षं कसली? २०१६ ला मॅडिऑन या फ्रेंच संगीतकाराबरोबर 'शेल्टर' हे गाणं, २०१७ ला 'व्हर्च्युअल सेल्फ' नावानं ट्रॅक. गडी कामावरच होता की.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
मान्य, सात वर्षं जास्तच ताणली मी. पण एक जोडीनं केलं, दुसरं टोपणनावानं. स्वतःच्या नावावर एकट्यानं करायची वेळ आली की हात थरथरतो, तेच म्हणतोय. बसलेला ताल वाजवणं निराळं, नवा बसवणं निराळं.

पिंपळगावची_पोर:
आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऑक्टोबरची छाटणी होईपर्यंत बागेत घड दिसत नाही. पण पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, त्याच उन्हाळ्यात तयार होतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग नुसती पानांची वाटते.

टिपरू:
ताई, त्या महिन्यांत तुमचे वडील उसासे टाकत बसतात का? शेंडा खुडून सबकेन करणं, फवारण्या, बँकेचा हप्ता, सगळं चालूच ना?

पिंपळगावची_पोर:
चालूच असतं. एका वर्षी सगळं वेळेवर केलं, पण घड धरायच्या दिवसांतच ढगाळ राहिलं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळलं, निम्म्या काड्या रिकाम्या. कष्ट कमी पडले म्हणायचं का?

टिपरू:
नाही. पण त्यांनी त्यावर अल्बमही काढला नाही. माझा मुद्दा एवढाच.

पिंपळगावची_पोर:
नाही काढला. आठ दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते.